चौथा पंप

मंगळवार, ४ मार्च

वस्तुस्थिती, क्रमाने.

एक: बाबांनी मला दिलेल्या गाडीचा मूळचा ऑइल पंप गेला. त्याचं वय झालं होतं, तक्रार नाही.

दोन: नवा बसवला. तो गेला.

तीन: त्याहून चांगल्या कंपनीचा बसवला. आज तोही गेला — भर चौकात, सिग्नल हिरवा असताना! आधी डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा, पाठोपाठ इंजिनाची टकटक. मी तत्क्षणी इंजिन बंद केलं. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, झोपलात काय?" मी उतरून त्याला समजावून सांगितलं की तेलाचा दाब नसताना इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगांची निव्वळ हत्या. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. लोकांना शिकायचंच नसतं.

चार: वंगणशास्त्रात डॉक्टरेट माझी आहे. टेम्पोवाल्याची नाही, नवऱ्याची नाही, आणि माझ्या थोरल्या बंधूंची तर नाहीच नाही.

पाच: गाडी दादाच्या शेडमध्ये उभी असते, त्यामुळे त्याला मत असतं. आज म्हणाला, "तू गाडी नाही, पंप पाळतेस! पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारपर्यंत कारण सांग. नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो." रागाच्या भरात मी "मान्य" म्हणून बसले. बाबांची गाडी, आणि मी "मान्य" म्हणाले!

बुधवार, ५ मार्च

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. तोही स्वतःला वस्तादच म्हणतो. त्याची उपपत्ती: "मॅडम, गाडीला तुमचा धाक वाटतो. माणूस टेन्शनमध्ये आला की त्याचं रक्त आटतं, तसं हिचं तेल आटतं."

तेल आटलेलं नव्हतं. तेल मोजायच्या काडीवर पातळी तंतोतंत होती. त्याला काडी दाखवली. म्हणाला, "मग धाकच."

घरी येऊन तेलाचा दाटपणा तपासला — चहाच्या गाळणीतून, घड्याळ लावून. तेल निर्दोष आहे. संध्याकाळी नवरा म्हणाला, "चहाला कसला तरी वास येतोय."

येणारच.

शुक्रवार, ७ मार्च

वस्तादने इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. चेंबरची कड पाहून, इतक्या कटकटीतही, क्षणभर समाधान वाटलं. सांधा बुजवणाऱ्या सीलंटची रेघ वस्तादकडून वाकडी जाते, म्हणून दोन्ही वेळा ते काम मी स्वतः केलं होतं: दुहेरी थर, कोपऱ्यांत तिहेरी, आणि बाहेर एक थेंब नाही. "मॅडम, केकवर क्रीम पण एवढं नसतं," तो म्हणाला. कौतुक म्हणून स्वीकारलं.

मग पंपाच्या तोंडाशी असलेली चाळणी. दर वेळी तिला नुसती हवा मारून पुन्हा बसवत आलो होतो. आज तिचं आवरण कापायला लावलं. आत — लाल गोळे! मऊ, रबरी, जाळीत गच्च बसलेले. तेल वर येणार कुठून? पंप कोरडा फिरला, झिजला, मेला. दोन्ही पंप ह्याच मार्गाने गेले, ह्यात आता शंका नाही.

हा आजार नव्हे. हा घातपात आहे. कुणीतरी माझ्या इंजिनात काहीतरी टाकलं आहे. आणि गाडी कुणाच्या शेडमध्ये असते?

रविवार, ९ मार्च

दादाला घरी बोलावून सरळ आरोप ठेवला. पुरावा बशीत मांडला होता. त्याने एक गोळा उचलला आणि हुंगला.

"जेली आहे काय ही?"

"ते तू सांगायचंस."

"अगं, मी तुझ्या इंजिनात जेली कशाला टाकू? मी जेली खातो!"

"मागच्या महिन्यात शेडमध्ये तुमच्या पाहुण्यांसमोर माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होतास. वहिनीने पाहिलंय."

"नीट बसत नव्हतं, बसवलं! शिकून शिकून तुझं डोकं फिरलंय. बाबांनी लाडावून ठेवलं, दुसरं काय!"

नवरा मध्ये पडला — "अहो, बसा, गार पाणी घ्या." आणि गडबडीत पुराव्याची बशीच दादापुढे सरकवली. एक गोळा कमी भरतोय. दादा नाही म्हणतो.

सोमवार, १० मार्च

उरलेले गोळे वाटीत पेट्रोल घालून भिजत ठेवले. नवरा सकाळपासून कोशिंबिरीची वाटी शोधतो आहे. त्याला कळवलेलं नाही.

बुधवार, १२ मार्च

चाचण्या पूर्ण. गोळा पेट्रोलमध्ये फुगतो, विरघळत नाही. जाळल्यास पांढरी राख. तुलनेसाठी घरातल्या प्रत्येक लाल वस्तूचा तुकडा घेतला — खोडरबर, मेणबत्ती, नवऱ्याच्या चपलेचा पट्टा. एकही जुळेना. शेवटी हत्यारांच्या पेटीतली सीलंटची नळी दिसली. थेंब सुकवला, भिजवला, जाळला.

जुळला.

वाटी धुतली. प्रयोग पुन्हा केला. पुन्हा जुळला. तिसऱ्यांदा करायला नळीत काही उरलं नव्हतं. तेही सूचकच म्हणायचं.

बाहेर एक थेंब नाही, ह्याचा मला केवढा अभिमान! बोल्ट आवळल्यावर सगळं जादा सीलंट आतल्या बाजूला पिळलं जात होतं. तिथे सुकायचं, तुटायचं, तेलात पडायचं, आणि वाहत चाळणीत जाऊन बसायचं. कोपऱ्यांत तर तिहेरी.

घातपात करणारी व्यक्ती सापडली आहे. तिच्याकडे डॉक्टरेट आहे.

शनिवार, १५ मार्च

उद्या मुदत संपते. खरं सांगितलं तर गाडी वाचते आणि माझं नाक कापलं जातं. गप्प बसले तर नाक शाबूत, आणि बाबांची गाडी भंगारात. दिवसभर ह्या दोन वाक्यांमधून येरझारा घातल्या.

मधला मार्ग काढून दादासाठी निवेदन लिहिलं: "तपासांती असे निदर्शनास आले की, जोडणीच्या वेळी सीलंटचे प्रमाण किंचित अधिक झाले."

नवऱ्याने वाचलं. "झाले? आपोआप?"

"हीच शास्त्रीय भाषा आहे."

"हो का! मग दादा विचारतील, भुताने लावलं का?"

फाडलं. किंचित हा शब्दही खोटाच होता.

रविवार, १६ मार्च

सकाळी दादाला फोन करून एका दमात सांगून टाकलं: दोन्ही पंप मी मारले. गाडी निर्दोष आहे. तूही निर्दोष आहेस. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव.

मी त्याच्या हसण्याची वाट पाहत होते. पण तो अगदी हळू म्हणाला, "कसला भंगारवाला? मी कुणाला बोलावलंच नाहीये. तू सोडली असतीस तर मीच ठेवून घेणार होतो. पंपसुद्धा आणून ठेवलाय. पलंगाखाली."

मागून वहिनी ओरडली, "रोज पायाला लागतो मेला!"

बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा दादा कुठे होता, हे आज पहिल्यांदा आठवून पाहिलं. खाली बसून त्याच गाडीच्या टायरमध्ये हवा भरत होता.

पंप घेऊन तो दुपारी येतोय. सीलंट वस्ताद लावेल, वाकडं. गाडी आठवड्यातून कुणाकडे किती दिवस, ते समोरासमोर बसून ठरवू. तथापि एक प्रश्न मी त्याला फोनवरच बजावून ठेवला आहे: एवढी हवी होती, तर इतकी वर्षं सरळ मागितली का नाहीस? तोंडी सबब चालणार नाही. उत्तर लेखी द्यावे.