पिवळ्या रेघेच्या अलीकडे

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णा,

खाली वाकून नमस्कार. आईला सांगा, तिळाच्या वड्या पोचल्या; सुधन्वाने जावयाच्या हक्काने निम्म्या एकट्याने फस्त केल्या. इथे थंडी अशी, की फरीदाबादला लॅबमध्ये पोचेपर्यंत नाक बधिर होतं.

एक बातमी. नोव्हेंबरात आलात तेव्हा लॅबकडे जाताना मेट्रोत तुम्ही विचारलं होतंत, "चार्ज झाल्यावर बॅटरी निवू देता का गं?" मी हसले होते. अण्णा, आम्ही घाईच करत होतो! परवा चार तास निवू दिली, मग चुंबकात ठेवली. बॅटरी न फोडता तिच्या आतल्या पडद्यातून लिथियम कसं सरकतं, ते आम्ही त्या चुंबकाने बघतो ना, ते दोन महिने नुसतं गिचमिड दिसत होतं. आता लख्ख! कराडच्या दुकानात चाळीस वर्षं बॅटऱ्या चार्ज करणारा माणूस बरोबर निघाला. माझी पीएचडी गेली चुलीत.

पण एवढ्यासाठी काही पत्र लिहीत नाहीये.

तुम्हाला लॅब दाखवली नाही. म्हटलं, "पेसमेकर आहे, चुंबकाजवळ चालत नाही." ते खरंच आहे. पण तिथे जमिनीवर पिवळी रेघ मारलीय. तिच्या अलीकडे पेसमेकरवाल्याने खुशाल उभं राहावं. मी तुम्हाला गेटवरच तीन तास बसवलं. बॅटरीचं दुकान आहे म्हटल्यावर गार्डने रजिस्टरमध्ये 'व्हेंडर' लिहिलं. शेजारी आमच्या डायरेक्टर मॅडम उभ्या होत्या. मी गप्प बसले. तुम्ही ते वाचलंत, आणि सही केलीत.

लाज वाटली होती मला, अण्णा. ॲसिडने भोकं पडलेल्या तुमच्या स्वेटरची. त्याच ॲसिडवर मी शिकले. आता माझीच मला वाटते.

आठ फेब्रुवारीला घरच्यांना लॅब दाखवायचा दिवस आहे. तुमचा पास केलाय, नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहून. मॅडमना सगळं सांगितलंय, माझ्या वागण्यासकट. सुधन्वा निजामुद्दीनला घ्यायला येईल.

नसेल यायचं तर येऊ नका. पण तेव्हापासून फोनवर तुम्ही मला "बऱ्या आहात ना?" असं विचारता. एवढा मार मी जन्मात खाल्ला नाही. "रेवे, माजलीस" म्हणा, काय वाटेल ते बोला. पण मला अहो-जाहो करू नका.

शिव्यांची वाट बघणारी,
तुमची रेवी