साक्षीला बेरित नको

मी, सिगब्रित लिंडाल, राहणार ग्रोनेस, स्वीडनच्या राष्ट्रीय संघातली निवृत्त स्लॅलम स्कीपटू, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर शेजाऱ्यांना नकोशी वाटेल इतकी चांगली आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण सही गुडघ्याने करायची नसते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणण्याचा प्रयत्न माझा भाचा तोरकेल अधूनमधून करतो आणि दर वेळी कॉफी पिऊन परत जातो. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ऑस्ट्रियातल्या हॉटेलच्या कागदावर मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी लिहिलेले. तेव्हा माझ्याजवळ देण्यासारखे फक्त दोन स्वेटर होते.

कलम पहिले. माझे राहते घर, बँकेतली शिल्लक, गाडी आणि तळ्यावरची होडी तोरकेलला मिळावी. मुलगा वाईट नाही. शहरात घरे विकता विकता त्याच्या डोळ्यांना सगळीकडे घरेच दिसायची सवय लागली आहे, एवढेच. मागच्या ईस्टरला माझ्या स्कीच्या दक्षिण उताराकडे बघत तो म्हणाला, "आत्या, इथे चाळीस लाकडी घरं आरामात बसतील. प्रत्येकाला ऊन!"

"आणि पोरांनी स्की कुठे करायची? तुझ्या गच्चीवर?"

"पोरं आहेतच किती आता गावात?"

मी त्याच्या कपातले चीज काढून घेतले. आमच्याकडे गरम कॉफीत चीज घालतात, आणि यापेक्षा मोठा अपमान मला त्या क्षणी सुचला नाही. तरीही दलदलीतल्या पिवळ्या बेरींची माझी गुप्त जागा मी त्यालाच देते. ती मी सख्ख्या भावालाही दाखवली नव्हती. तोरकेलला कानात सांगून झाली आहे. ती त्याला विकता येणार नाही, कारण दुसऱ्याला सांगितली की संपली.

कलम दुसरे. स्कीच्या कडा घासायच्या माझ्या सर्व कानशी, शिकंजा आणि स्कीला मेण लावायची इस्त्री गावच्या स्की क्लबला द्यावी. ही इस्त्री कपड्यांसाठी नाही, हे क्लबने दारावर लिहून लावावे. दुकानदार एगोनने ती एकदा मागून नेली आणि लग्नाच्या पँटवर मेणासकट फिरवली. चर्चमधल्या बाकावरून तो सरळ खाली घसरला, ते सगळ्या गावाने पाहिले.

कलम तिसरे. आमच्या संघाचे त्या वेळचे व्यवस्थापक म्हणाले होते की डोंगराकडच्या मुलींना मांड्या असतात, डोके नसते. त्यांना मी काहीच ठेवत नाही. ते वारले आहेत, तरी नोंद असावी.

कलम चौथे. आता मुद्द्याचे. दक्षिण उतार, त्यावरची, पोरांना वर ओढून नेणारी दोरीची लिफ्ट, तिची खोली आणि बर्फ दाबायचे यंत्र, हे सर्व माझ्या मालकीचे आहे. वडिलांनी ती लिफ्ट ट्रॅक्टरच्या इंजिनावर सुरू केली. मी आणि बेरित न्यूलांदर, आम्ही दोघी तिथेच स्की शिकलो. काळोखाचे महिने संपून सूर्य डोंगरावर आला की त्याचे पहिले ऊन याच उतारावर पडते. माझ्यामागे हा उतार पोरांच्या हाती राहणार की घरांखाली जाणार, याच एका काळजीपोटी मी हा कागद लिहायला बसले आहे. बाकीची कलमे तोंडी सांगूनही भागली असती.

ऑस्ट्रियातल्या त्या शर्यतीत दुसऱ्या फेरीत बेरित माझ्या आधी सुटली. मी वर डोळे मिटून, हाताचा पंजा वळवत, उतारावर ज्यांना वळसे घालत खाली यायचे ते खांब आठवत उभी होते. आमच्यात सगळेच असे करतात. लांबून बघणाऱ्याला वाटते, ही बाई हवेत मासा पोहवते आहे. खाली गेलेल्याने वाटेची खबर रेडिओवर वरच्याला द्यायची, ही आमची रीत. रेडिओ प्रशिक्षकांकडे असतो. त्या दिवशी आवाज मात्र बेरितचा आला.

"सिग, ऐक. खालून तिसरा खांब. जवळून घेऊ नकोस, तिथे नुसती बर्फाची काच आहे. लांबून वळ."

"तू कुठून बोलतेस?"

"तिथूनच. पसरलेय. प्रशिक्षकांचा रेडिओ हिसकावून घेतलाय."

"लागलंय का?"

"ते नंतर बघू. आणि हरलीस ना, तर तोंड दाखवू नकोस!"

मी लांबून वळले आणि जिंकले. बेरितचा गुडघा त्या खांबापाशी कायमचा गेला. त्यानंतर ती शर्यतीत उतरली नाही. तेव्हापासून ती चारचौघांत म्हणते, "अर्धं पदक माझं आहे," आणि मी म्हणते, "फक्त फीत." गावाला वाटते आमचे भांडण आहे. मला ती फार प्रिय आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण तिने मला वेड्यात काढले असते.

सबब, दक्षिण उतार लिफ्टसह संपूर्णपणे बेरितला मिळावा. ती आजही रोज सकाळी लिफ्ट चालू करते आणि पोरांवर ओरडते. ती तो विकणार नाही. जिवंतपणी देऊ केला असता तर "भीक नको" म्हणाली असती. मेलेल्या बाईशी तिला वाद घालता येणार नाही.

कलम पाचवे. पदकही बेरितला द्यावे. अख्खे. फीत तोरकेलला.

शेवटचे. आमच्या कायद्यात साक्षीदारालाच काही दिले तर ते देणे रद्द होते. मृत्युपत्र करते आहे असे कळताच बेरित उत्साहाने म्हणाली, "साक्षीला मी येते." मी म्हटले, "तू नको." तिचा चेहरा पडला.

"चाळीस वर्षं शेजारी राहिले, आणि सही करायच्याही लायकीची नाही का गं मी?"

मी म्हटले, "तुझं अक्षर घाण आहे." ती दार आपटून गेली आणि आठवडाभर कॉफीला आली नाही. हा आठवडा मला फार जड गेला. बेरित, हे कलम वाचून दाखवतील तेव्हा तुला कारण कळेल. तुझ्या अक्षरात काही वाईट नाही.

(सही) सिगब्रित लिंडाल

साक्षीदारांचे निवेदन: सिगब्रित लिंडाल यांनी आम्हा दोघांसमोर स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत सही केली. आतला मजकूर आम्ही वाचलेला नाही. सही होत असताना बेरित न्यूलांदर अंगणात आल्या आणि खिडकीवर थाप मारून ओरडल्या, "झाली का सही? लिफ्टची दोरी अडकलीय, आणि कॉफी ठेव!" सिगब्रित यांनी डोळे पुसले, सही पूर्ण केली आणि स्वतः उठून दार उघडले.

१) हिलेवी नोर्गोर्ड, पाद्री
२) एगोन सांदविक, दुकानदार

ग्रोनेस, ११ नोव्हेंबर २०१९