बाबांच्या बंदुकीचा परवाना

प्रिय धाकट्या,

तू पाठवलेला तक्ता मिळाला. देशोदेशीचे बंदुकीचे कायदे, रकाने पाडून, रंग भरून. ऑफिसात तुला काम कमी आहे की घरी झोप येत नाही, कळलं नाही. पण मेहनत दिसते. खाली तू लिहिलंयस, ‘ताई, प्रत्येक देशात काही ना काही मार्ग असतोच. आपल्याकडचा शोधून काढ आणि कायद्याने करून टाक.’ जणू नळ गळतोय आणि मी प्लंबरला बोलवायचा आळस करतेय. म्हणून फोन न करता कागद घेऊन बसले. फोनवर तू मध्येच बोलतोस. शिवाय फोनवरचं बाबा ऐकतात. त्यांना हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत, पण ‘बंदूक’ हा शब्द पलीकडच्या खोलीतूनही बरोबर ऐकू येतो.

तुला ते स्क्रीनवर दिसतात तेवढेच माहीत आहेत. छान हसतात, हात हलवतात, ‘तब्येतीला जपा’ म्हणतात. तू फोन ठेवलास की मला विचारतात, ‘कोण होते हे साहेब?’ मी सांगते, हेड ऑफिसचे. मग त्यांचा सबंध दिवस बरा जातो. हेड ऑफिसने जातीने चौकशी केली म्हणजे काय!

आठवतंय ना, तू शाळेत पोरांना सांगायचास की आमच्या बाबांनी दरोडेखोर लोळवलेत. मी मागून येऊन सांगायचे की बाबांनी आजवर फक्त छत्री विसरून गेलेल्या गिऱ्हाइकांना हाका मारल्यात. तू चिडून मला चावायचास. पण खरं तेच होतं. जन्मभर माणूस बँकेच्या दारात स्टुलावर बसला, स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक मांडीवर घेऊन, आणि एकदाही चाप ओढायची वेळ आली नाही. निवृत्तीला बँकेने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दारात कॅमेरा लावला. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. बंदूक रोज पुसली जाते, तेलपाणी होतं, ठणठणीत आहे.

आता आपलं घर म्हणजे बँक. बाहेरचं दार म्हणजे मुख्य दार, बैठकीची खोली म्हणजे काउंटर, आणि माझी झोपायची खोली ही तिजोरी, त्यामुळे व्यवहार बंद झाल्यावर मला तिथे शिरता येत नाही. दिवस चांगला असेल तर मी कॅशियर बाई असते. कॅशियर बाईंना मान आहे, त्यांना उठून वाट देतात. दिवस वाईट असेल तर मी गिऱ्हाईक. मग दारातच काम सांगावं लागतं. स्वतःच्या घरात शिरण्यासाठी मी आजवर किती खाती उघडली असतील त्याला हिशेब नाही. एकदा म्हणाले, ‘ओळख द्यायला कोण आहे तुमचं?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘माझे वडील.’ तर म्हणाले, ‘मग त्यांना घेऊन या.’ हे मी वर्तमानपत्रातल्या माझ्या विनोदी सदरात लिहिलं असतं तर वाचकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. लिहिलं नाही. दर आठवड्याला मंत्र्यांवर लिहिते. ते सोपं जातं.

काडतुसांचं तुला सांगितलंच होतं. मध्ये कधीतरी त्यांना वाटलं, दरोडा पडणार. म्हणून काडतुसांचा डबा त्यांनी दरोडेखोरांना सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवला. कुठे, ते विसरले. मग ठेवला हेही विसरले. तेव्हापासून मी घर उपसते आहे. पिठाचे डबे, जुने बूट, आईच्या शिलाई मशीनचं पोट, माळ्यावरच्या गाद्या. दरोडेखोरांना खरंच सापडणार नाही. कामात माणूस चोख होता, ते मान्य.

आता तुझ्या तक्त्याकडे येते. तो बेटांचा देश मला फार आवडला. आधी वर्ग, मग लेखी परीक्षा, मग नेमबाजीची परीक्षा, मग डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला, मग पोलीस शेजारच्यांना विचारून जाणार. आणि बंदूक कुठे, काडतुसं कुठे, याचा घराचा नकाशा काढून पोलिसांकडे द्यायचा. अरे, बाबांनी असा नकाशा काढला असता तर मी आज ठाण्यात जाऊन, हात जोडून तो मागून घेतला असता! दुसरा तुझा तो थंड देश, जिथे परवाना मागताना सध्याच्या जोडीदाराची सही लागते आणि सुटलेल्या जोडीदाराचीही. आईला कुणी सहीसाठी विचारलं असतं तर तिने बंदुकीला होकार देऊन नवऱ्याला नकार दिला असता. मग तो डोंगरांचा देश. घरोघरी पोरं लष्करातली रायफल कपाटात ठेवतात, गोळ्या मात्र सरकारी कोठारात, आणि सगळं कसं शांत. आणि तो दूरचा मोठा देश, एका हत्याकांडानंतर सरकारने लोकांकडून ढिगाने बंदुका विकत घेतल्या नि वितळवून टाकल्या. हे वाचून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मनात आलं, कुणीतरी सरकारी माणूस दारात यावा, पोतं पसरावं आणि म्हणावं, टाका.

आणि शेवटी तू राहतोस तो. माणसांपेक्षा बंदुका जास्त, दुकानात गळ आणि तंबूच्या शेजारच्या फळीवर रायफली. तरी गंमत बघ, तुझ्याच तक्त्यात बारीक अक्षरात आहे, तिथल्या काही भागांत घरची माणसं न्यायाधीशाकडे जाऊन सांगू शकतात की याच्या हातातली बंदूक काही दिवस काढून घ्या. आजार जिथे जास्त, तिथे औषधांची दुकानंही जास्त असायचीच. पण निदान दुकान आहे.

आपल्याकडे मी काय काय केलं, ते आता नीट ऐक. तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, म्हणून तुला वाटतं मी काही केलंच नाही.

आधी चोरी केली. बाबा आंघोळीला गेले असताना बंदूक चटईत गुंडाळली आणि माझ्या त्या दातांच्या डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन ठेवली. तिने ती दवाखान्यातल्या कपाटात ठेवली, कवळ्यांच्या साच्यांमागे. इकडे बाबा जेवेनात. रिकाम्या स्टुलाजवळ नुसते उभे. पहारेकऱ्याचं हत्यार हरवलं म्हणजे सगळं संपलं, हे इतकं साधं मला सुचलं नव्हतं. मग एका सकाळी त्यांनी गणवेशाला स्वतः इस्त्री केली आणि घरातली मोरी न सापडणारा माणूस एकटा चालत ठाण्यात गेला. तक्रार चोख. बंदुकीचा क्रमांक तोंडपाठ. चोराचं वर्णन : मध्यम वयाची बाई, चष्मा, चेहरा रागीट, घरात वरचेवर दिसते. फौजदारांनी मला बोलावून घेतलं. परवाना यांच्या नावाचा आणि बंदूक तिसऱ्याच बाईच्या कपाटात, म्हणजे तुम्ही दोघी आत जाल, म्हणाले. मैत्रिणीचा रंग तिच्या दवाखान्याच्या भिंतीसारखा झाला, तिने लगेच बंदूक ठाण्यात आणून दिली. बंदूक त्यांनी बाबांच्या दोन्ही हातांत सन्मानाने दिली.

मग सरळ मार्गाला लागले. परवाना रद्द करा, असा अर्ज. परवानाधारकाने समक्ष यावं, असं उत्तर. डॉक्टरने दाखल्यात ‘विस्मरणाची सुरुवातीची अवस्था’ लिहिलं होतं. अधिकारी म्हणाले, ‘सुरुवातच आहे ना?’ आणि बाबांना प्रश्न विचारायला बसले. अरे, काय सांगू तुला! बाबा असे बोलले की मीच बघत राहिले. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी कधी माणसाकडे धरायची नाही, चापावर बोट आधीपासून ठेवायचं नाही. अधिकाऱ्यांनी शेजारच्या खोलीतल्या पोरांना बोलावलं, ‘ऐका जरा, शिका.’ शेवटी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘आणि आजोबा, या कोण?’ बाबा म्हणाले, ‘आमच्या कॅशियर बाई. फार कष्टाळू.’ सगळी खोली हसली. ‘आजोबा विनोदी आहेत हो! बाई, तुमच्यापेक्षा त्यांची स्मरणशक्ती बरी आहे.’ मी सांगत राहिले की हा विनोद नाही. विनोद हा माझा धंदा आहे, मला फरक कळतो. पण धंद्याचं नाव सांगितल्यावर तर आणखीच हसले. परवान्याची मुदत संपत आलीच होती. मी रद्द करायला नेलेला परवाना नवा शिक्का मारून माझ्याच हातात दिला. बाबांनी सलाम ठोकला. अधिकारी उभे राहिले आणि त्यांनीही ठोकला.

बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही गेले होते. आतला घोडा तेवढा निकामी करून द्या म्हटलं. मालक समोर नसताना हात लावला तर दुकान जाईल, म्हणाला. वृद्धाश्रमात गेले. ते विचारतात, बंदुकीशिवाय राहतील का? मी म्हटलं, नाही. मग बंदुकीसकट आम्ही ठेवत नाही, म्हणाले. तेही बरोबरच आहे. मला भेटलेला प्रत्येक जण बरोबरच होता, हीच तर अडचण.

तुझ्या तक्त्यातले जवळजवळ सगळे देश दारात बसलेले आहेत, धाकट्या. आत कोण येतं ते बघतात. हा माणूस गुन्हेगार आहे का, दारुडा आहे का, बायकोला मारतो का. आपले बाबा यातलं काहीच नव्हते, म्हणून पास झाले. पुढे तो माणूस स्वतःच निघून गेला आणि बंदूक मागे राहिली, तर काय करायचं? त्या बेटांच्या देशात म्हाताऱ्यांची आठवणीची परीक्षा घेतात म्हणे. बाबा तीही पास झाले असते. गणवेश घालून गेले असते ना!

आता जे सांगते ते वाचताना बायकोला जवळ बसवून घे. गेल्या मंगळवारी मी छापखान्यातून घरी आले. दिवसा सोबतीला असणारी मावशी कोपऱ्यावर दूध आणायला गेली होती. बाबा स्टुलावर. ‘काय काम आहे?’ मी दमले होते. रोज खातं उघडते, त्या दिवशी नाही उघडलं. म्हटलं, ‘बाबा, मी आहे हो.’ ते उठले. ‘पिशवी खाली ठेवा, हात वर करा.’ नियमाप्रमाणे पुन्हा एकदा बजावलं, आवाज चढवून. माझ्या पिशवीत पाव होता, मला हसू आलं. आणि त्यांनी चाप ओढला. आवाज फार लहान येतो रे. पेनाचं टोपण बसतं तेवढाच. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बंदुकीकडे बघितलं, ओशाळले, आणि मला म्हणाले, ‘एक मिनिट हं बाई,’ आणि काडतुसं शोधायला आत गेले. मावशीने दारातून सगळं पाहिलं. दूध ओट्यावर ठेवलं आणि गेली ती आलीच नाही. तेव्हापासून ते शोधतायत. काय हरवलंय ते मात्र विसरत नाहीत. मीही शोधते. एकाच घरात आम्ही दोघं एकच डबा शोधतो, कधीकधी एकाच कपाटात शेजारी-शेजारी वाकून. ‘सापडलं का?’ ते विचारतात. ‘नाही,’ मी म्हणते. आजपर्यंत ते खरं आहे.

तू लिहिलंस की सुट्टीची तिकिटं काढली, तुझ्या भिंगरीने बॅगही भरून ठेवलीय, आजोबांना कधी भेटते असं झालंय. तिकिटं रद्द कर. कारण तिला काय हवं ते सांग, मी आजारी आहे म्हण, भांडण झालं म्हण. मागच्या वेळी पोर जेमतेम चार वर्षांची होती, तर अर्ध्या तासात तिने माझा हरवलेला चष्मा शोधून दिला, आईचं कानातलं काढून दिलं, मी लपवून विसरलेली सिगारेटची पाकिटंसुद्धा काढून दिली. आता सहा वर्षांची आहे. ती येईल, बाबांच्या गुडघ्याशी उभी राहील आणि विचारेल, काय शोधताय आजोबा? ते तिला सांगतील. तिच्याशी ते फार गोड बोलतात. मी दुसऱ्या खोलीत असेन, किंवा समोरच असेन, त्याने काही फरक पडत नाही. जिथे आम्हा दोघांचे हात पोचत नाहीत तिथे ती शिरेल, आणि ‘आजोबा, हे बघा!’ म्हणत धावत येईल, आणि डबा त्यांच्या हातात देईल.

तुझीच, आणि सध्या तरी याच घरची,
ताई