काजूचं कर्ज आणि समजुतीची फारकत

१ जानेवारी १९७९, सोमवार

नवीन डायरी. फौंड्रीला कोळसा पुरवणाऱ्या पार्टीने फुकट दिली. खर्च शून्य. सुरुवात उत्तम.

श्यामला आणि मी रीतसर वेगळे होतोय. भांडण नाही, आदळआपट नाही. ती म्हणाली, मला तुमचा राग नाही हो, पण दमले मी. मी म्हटलं, दमली असशील तर विश्रांती घे. ती म्हणाली, तेच म्हणतेय. इतका समजूतदार डिव्होर्स कोल्हापुरात आजवर झाला नसेल.

सत्याहत्तरच्या डिसेंबरपासून ती जयसिंगपूरला, शिकवते त्या शाळेजवळ खोली घेऊन. मी इथे मंगळवार पेठेत, चिमणाबाईंच्या दोन खोल्यांत. वर्ष भरलं. तिचे अप्पामामा वकील आहेत. म्हणाले, आता नव्या कायद्याने दोघांच्या संमतीचा अर्ज करता येतो, पण आधी पतपेढीचं कर्ज मिटवा. जामीन श्यामला आहे. नवरा-बायको म्हणून सुटाल आणि कर्जदार-जामीन म्हणून जन्मभर अडकाल.

कर्ज बत्तीसशे. कारण काजू. आजऱ्याहून घाऊक आणून कोल्हापुरात घरोघर पाकिटं विकायची, हा माझा प्लॅन होता. प्लॅन चूक नव्हता. कोल्हापूर तयार नव्हतं. इथली माणसं शेंगदाण्यावर खूश.

असो. मी अकौंटंट आहे. कर्ज फेडणं म्हणजे शेवटी हिशेबच. जूनपर्यंत खातं नील.

हप्त्यातला निम्मा वाटा श्यामला देणार म्हणाली. मी म्हटलं, काही गरज नाही. ती म्हणाली, असू दे. म्हटलं, बरं.

३ जानेवारी, बुधवार

बजेट तयार. फुलस्केप कागद, लाल-निळी शाई. सिनेमा शून्य. हॉटेल शून्य. किरकोळ दहा रुपये. महिन्याला एकशे साठ शिल्लक पडतात! इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? संसारात शिस्त नव्हती, दुसरं काय. श्यामलाला पैशाचं वळण नाही.

बजेट जमल्याच्या आनंदात मिसळ खाल्ली. दोन पाव जादा. (किरकोळ.)

८ जानेवारी, सोमवार

सिटी बस बंद. उद्यमनगरला फौंड्रीपर्यंत पायी. पैसा वाचतो, तब्येत सुधारते. एका दगडात दोन, वगैरे. लोक हे का करत नाहीत कळत नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

चपलेचा अंगठा तुटला. चांभार म्हणाला, हिच्यात आता शिवायला काय उरलंय? नवं पायताण अठ्ठावीस रुपये. पण तीन वर्षं सहज टिकेल. म्हणजे हा खर्च नव्हेच. 'भांडवल' या सदरात टाकला. हिशेब माहीत नसणारा माणूस इथेच घाबरला असता.

४ फेब्रुवारी, रविवार

श्यामला आली. तिचा वाटा घेऊन. पर्समधून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, तुमचा? मी बजेट दाखवलं. तिने दोन्ही बाजू वाचल्या. अक्षर छान आहे म्हणाली. मग पुन्हा, तुमचा वाटा?

समजावून सांगितलं की रक्कम आहे, पण सध्या भांडवलात आहे. तिने माझ्या पायाकडे बघितलं. पुन्हा पर्स उघडली. मी म्हटलं, उसने म्हणून लिहून ठेवतो. लिहा, म्हणाली.

जाताना कोपऱ्यातले काजूचे दोन डबे बघून विचारलं, अजून आहेत? मी म्हटलं, भाव येऊ दे. ती हसली नाही. पूर्वी अशा वेळी भांडायची तरी.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आयडिया! खाणावळ बंद. रात्री काजू खायचे. माल पडून आहे, ताकद भरपूर, खाणावळीचे पैसे थेट हप्त्यात. आधी का सुचलं नाही?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पोट बिघडलं. फौंड्रीत तीन दिवस खाडा, बिनपगारी. डॉक्टर आणि औषध मिळून सतरा रुपये.

चिमणाबाई भाताची पेज घेऊन आल्या. डबा उघडून बघितला आणि पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नरसिंगराव, काजूत अळ्या वळवळाय लागल्यात की! दिसत न्हाय व्हय तुमास्नी?" मी म्हटलं, अंधारात खाल्ले, लाइटचं बिल वाचावं म्हणून. तर म्हणाल्या, "आन् भाडं? दोन महिन्याचं थकलंय. त्ये बी अळ्यातनंच देणार काय?"

बाई मनाने चांगली. बोलायची पद्धत नाही. पेज संपवली.

३ मार्च, शनिवार

आजचा दिवस वाईट.

पतपेढीचा वसुलीवाला जोतीराम थेट फौंड्रीत आला. ऑफिसात शेठ बसलेले. हा दारातूनच ओरडला, "अकौंटंटसायेब, दुसऱ्याचं हिशेब लिव्हताय, तुमचा कवा लिव्हणार?" सगळे हसले. शेठसुद्धा. मी बाहेर नेऊन समजावलं की जून ही डेडलाइन ठरलेली आहे. तो म्हणाला, जून-बिन पतपेढीला ठाऊक न्हाय. हप्ते थकले की जामीनदाराला नोटीस, आणि ती शाळेच्या पत्त्यावर जाणार.

मी म्हटलं, खुशाल पाठवा. श्यामला खंबीर आहे.

या माणसाविरुद्ध चेअरमनकडे लेखी तक्रार करणार. उद्या. फुलस्केप संपलेत.

११ मार्च, रविवार

श्यामला आली. बसली नाही. उभ्यानेच सांगितलं, नोटीस शाळेत आली. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर हातात दिली. काय प्रकार आहे, म्हणून विचारलं. तिने सांगितलं, काजू. तेव्हा एक जण फस्सकन हसली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिचा मूड सुधारावा म्हणून नवा प्लॅन सांगायला घेतला. लॉटरी. पण सरसकट तिकिटं नाहीत, आकड्यांचा अभ्यास करून. एवढा पगार त्यात घातला तर... तिथे ती मध्येच उठली. म्हणजे उभीच होती, पण चपला घातल्या. माठातलं पाणी प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि गेली. नेहमी पाचच्या एस.टी.ने जाते, आज तीनचीच गाठली.

विचार केला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. नुसत्या नोटिशीने इतकं? नव्हे. हा वेगळं होण्याचा ताण आहे. ती डळमळतेय. वरून दाखवत नाही.

२५ मार्च, रविवार

आली नाही. मनिऑर्डरही नाही. लॉटरीत एका आकड्याने हुकलं. (खरं तर चार आकड्यांनी, पण त्यातला एक अगदी जवळ.)

शेठनी पुढच्या महिन्यापासून कॅशचं काम माझ्याकडून काढून पत्रांच्या जावकबारनिशीवर बसवलंय. म्हणाले, राग मानू नका. मानला.

१० एप्रिल, मंगळवार

मोठी बातमी!

सकाळी चिमणाबाई नळावर म्हणाल्या, "तुमच्या बाई परवा गुजरीत दिसल्या मला. सोनाराच्या दुकानातनं भाईर पडत हुत्या. हात मोकळंच हुतं बगा. पाटल्या न्हाईत काय न्हाईत." माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

दुपारी जोतीराम फौंड्रीच्या फाटकावर भेटला. मी टाळायला वळलो तर त्यानेच हाक मारली. रामराम घातला! म्हणाला, "खातं मिटलं सायेब. म्याडमनी समदी रक्कम एकदम भरली. व्याजासकट."

पाटल्या. तिच्या आईच्या पाटल्या. लग्नात त्या घालून उभी होती. काजूच्या वेळी मी एकदा मागितल्या होत्या तर दोन दिवस जेवली नव्हती. त्या विकल्या. कुणासाठी? माझ्यासाठी.

यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे? बायको नवऱ्यावर रागावते, दूर जाते, पण वेळ आली की अंगावरचं सोनं उतरवते. मीही दगड नाही. ठरवलं. फारकत रद्द. मी तिला मोठ्या मनाने परत बोलावणार. मागचं काही काढायचं नाही. तिच्याकडून जे काही चुकलं असेल ते माफ.

१४ एप्रिल, शनिवार

फौंड्रीतून तीस रुपये ॲडव्हान्स. पांढरा शर्ट इस्त्रीला. पेढे अर्धा किलो. मोगऱ्याचा गजरा उद्या स्टँडवर. दोन्ही खोल्या झाडल्या. काजूचे डबे चिमणाबाईंच्या म्हशीला. म्हशीनेही तोंड फिरवलं.

चिमणाबाईंना सांगितलं, बाई परत येतायत. त्या म्हणाल्या, "त्या म्हनल्यात व्हय तसं?" मी म्हटलं, काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

१५ एप्रिल, रविवार

जयसिंगपूर.

खोली पहिल्यांदाच बघितली. वर, खिडकीला हिरवा पडदा. जिन्यातच हसण्याचा आवाज. आत श्यामला आणि शेजारच्या शहाजादीबाई, त्याही शाळेतल्याच, गव्हातले खडे निवडत बसलेल्या. श्यामला हसत होती, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी दारात उभा राहिलो. आवाज ओळखीचा वाटत होता, पण कुठे ऐकलाय ते चटकन आठवेना.

मला बघून दोघी गप्प झाल्या. शहाजादीबाई, "भाईसाब, बसा की," म्हणून परात घेऊन गेल्या.

मी पेढे ठेवले. भाषण पाठ केलं होतं. सगळं बोललो. पाटल्या, त्याग, मागचं विसरणं, मोठं मन. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरीचं ऐकत असावी तसं ऐकलं. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला असं वाटलं होय?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात सांगत होती. कर्ज मिटल्याशिवाय अर्ज करू नका, असं मामा म्हणाले होते ना? तुमच्या हिशेबाने थांबले असते तर पंच्याऐंशी साल उजाडलं असतं. आणखी एक नोटीस आली असती तर नोकरी गेली असती. पाटल्या विकताना रडले मी. नंतर एस.टी.त बसले, खिडकीतून वारा आला, आणि हातकणंगल्यापर्यंत छान झोप लागली. कितीतरी वर्षांनी.

म्हटलं, पण आईच्या पाटल्या... ती म्हणाली, "आई असती तर तिनेच विकल्या असत्या."

मग चहा केला. पेढा फोडून निम्मा मला दिला. गजरा तिने पाण्याच्या वाटीत ठेवला. केसात नाही.

२१ एप्रिल, शनिवार

अप्पामामांच्या ऑफिसात अर्जावर सह्या झाल्या. सहा महिन्यांनी कोर्टात परत एकदा विचारतील, मग संपलं. टायपिस्टने माझं नाव 'नरसिंह' मारलं होतं. श्यामलाने खोडून 'नृसिंह' केलं. तिचं लक्ष असतं.

तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेलो. उन्हाने डांबर वितळलं होतं. तिची पिशवी मी धरली. तिने धरू दिली. लग्नानंतर पलूसला राहत असताना आपण चालत बाजारात जायचो, असं काहीतरी मी बोललो. ती हो म्हणाली. गाडी लागली. तिला खिडकीची जागा मिळाली. पिशवी आत दिली.

अकरा वर्षं ती घरातून निघताना उंबऱ्यात थांबून 'येते' म्हणायची. माहेरी निघाली तरी, नळावर निघाली तरी. जयसिंगपूरला सामान घेऊन निघाली त्या दिवशीसुद्धा.

आज म्हणाली, "जाते हं."

गाडी शाहूपुरीच्या वळणावर गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं.