तिसरी काच

ता. ३ जानेवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या वहिनीच्या मानेतल्या गाठीचा तुकडा आज तुझ्या प्रयोगशाळेकडे रवाना केला. घरची तपासनीस असताना परक्याकडे कशाला? मी रोज प्रार्थनेला बसतो म्हणून तू मला अडाणी समजतेस. समज बापडी. पण गाठ साधी असू दे असं मी देवाकडे मागत नाही. जे असेल ते तुला स्पष्ट दिसू दे, एवढंच मागतो. तुझी वहिनी म्हणते, नणंदेच्या हाती मान दिली, आता काय होईल ते होवो.

लोभ आहेच, उत्तराला उशीर नको.

तुझा दादा

ता. ९ जानेवारी

ती. दादास सा. न., वि. वि.

तुकड्याची काच पाहिली. गाठ साधी आहे, काळजीचं काही नाही. सगळं श्रेय देवाला देऊन मोकळा होऊ नकोस, अर्धं तरी माझ्या मायक्रोस्कोपला दे. वहिनीला म्हणावं, मान ताठ ठेवून खुशाल हिंडा.

लोभ असू दे, चिडवलं तरी.

छोटी

ता. २१ एप्रिल

चि. छोटीस आशीर्वाद, वि. वि.

गाठ साधी म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. आता ती घास गिळू देत नाही. मोठ्या इस्पितळात पुन्हा तुकडा काढला, कर्करोग निघाला. जानेवारीत आला असतात तर उपाय होता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तुला बोल लावत नाही. काच खोटं बोलत नाही, हे तूच सांगत आलीस. मग खोट माझ्या मागण्यातच असणार. मनातल्या मनात चोरून 'साधी असू दे' म्हणालो असेन. पंधरा दिवस झाले, प्रार्थनेला बसवत नाही.

लोभ आहे. धीर नाही.

दादा

ता. २६ एप्रिल

ती. दादास सा. न.

खोट तुझ्यात नाही. नात्यातल्या माणसाची काच स्वतः पाहायची नाही, सहकाऱ्याकडे द्यायची, हा आमचा नियम. तो मी मोडला. पहिल्या काचेत वाईट पेशी दिसल्या. रंग नीट चढला नसेल, असं म्हणून दुसरी केली. तिच्यातही त्याच. मग जन्मात कधी न जोडलेले हात जोडले आणि तुकड्याच्या कडेची तिसरी केली. ती स्वच्छ निघाली. मला वाटलं, कुणीतरी ऐकलं. अहवाल तिचाच लिहिला.

पहिल्या दोन काचा माझ्या खणात आहेत. उद्या वरिष्ठांपुढे ठेवते. वहिनीला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू प्रार्थना सोडू नकोस.

छोटी

ता. १२ मे

चि. छोटीस,

तुझी वहिनी मंगळवारी गेली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. ऐकून ती म्हणाली, नणंदबाईंनी माझ्यासाठी हात जोडले, त्यांना टाकू नका.

मी पुन्हा प्रार्थनेला बसतो. माझ्या देवाचं आणि तुझ्या शास्त्राचं आपल्या घरात कधी भांडण नव्हतं; दोघांनाही खरं तेच हवं होतं. घरातल्या सगळ्यांची नावं घेतो. तुझ्या नावापाशी आलो की अडतो. तिचा शब्द मोडवत नाही आणि पाळवतही नाही.

शेवटी लोभाची ओळ लिहायची असते. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

दादा