वाघळाचा रस्सा आणि तुझे हात

माय,

परवा दादा गावाहून आला तेव्हा त्याच्या हातातली पिशवी हलत होती. मला वाटलं, कोंबडी आणली. मी हसत पुढे झाले, तर तो म्हणाला, “हात नको लाऊ, वाघूळ शे. जित्तं आनेल शे. बसमा कोनले पत्ता लागू दिधा नही.” माझ्या नातीला दमा आहे, हे त्याला फोनवर कळलं होतं. तुझ्या या पणतीसाठी तो म्हातारा माणूस अंधारात आंब्याच्या बागेत जाऊन बसला, जाळं लावलं, वाघूळ धरलं आणि पहिल्या बसने सुरतेला निघाला. पिशवी ओट्याखाली ठेवून त्याने पाणी मागितलं, आणि माझ्याकडे असा बघत राहिला, जणू आता मी त्याला ओवाळणारच.

तो असा का बघत होता ते तुला सांगायला नको. उधन्याची ती एकच खोली, भिंतीपलीकडे लूमचं खातं, दिवसभर मागांची खटखट. तू खात्यात धाग्याच्या कांड्या भरायचीस आणि मी तुझ्या पायाशी बसलेली असायचे. धाग्याचा बारीक धुरळा नाकातोंडात जायचा, आणि संध्याकाळ झाली की माझ्या छातीत पिपाणी वाजायला लागायची. कोणीतरी तुला वाघळाच्या रश्श्याचं सांगितलं. तो दिवस मला अजून दिसतो. दार लावलेलं आहे, स्टो फरफरतोय, तू माझ्याकडे पाठ करून काहीतरी चिरते आहेस. मी विचारते, “काय आहे गं?” तू म्हणतेस, “तितर.” उधन्यात तितर कुठून यायला बसलंय! पण मी लहान, मला पटलं. काळा मसाला, भरपूर मिरी, वर तेलाचा तवंग. “पी टाक माय, गरम शे तवर,” म्हणत तू वाटी माझ्या तोंडाला लावलीस. पुढे आपण डिंडोलीला राहायला आलो, भिंतीपलीकडचं खातं सुटलं, धुरळा सुटला आणि हळूहळू माझा दमाही ओसरला. मला आता वाटतं, गुण आला तो खोली बदलल्याचा. पण नाव रश्श्याचं झालं, आणि रश्श्यामुळे तुझं. साऱ्या नात्यागोत्यात तू ‘लेकीला मरणातून काढलेली बाई’ झालीस.

मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊकच आहे. साड्यांच्या खोक्यांवरची नावं बघत बघत अक्षरं लागली, आधी गुजराती, मग आपली. कोरोनात सगळं बंद पडलं, तेव्हा बसल्याबसल्या जे हाताला लागेल ते वाचत गेले. वाघळांबद्दलही वाचलं आणि न समजलेलं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. मला समजलं ते असं, की वाघळाच्या अंगात काही विषाणू पिढ्यान् पिढ्या राहत आलेत, जुन्या भाडेकरूंसारखे. घरमालकाचं त्यांच्याशी जमलेलं असतं, त्याला ताप नाही की खोकला नाही. प्रत्येक वाघळात असतात असंही नाही. वाघळंच कशाला, उंदरांत, माकडांत, रानातल्या कितीतरी जिवांत असे आपापले भाडेकरू असतात. ते जनावर त्याच्या झाडावर, आपण आपल्या घरात, तोवर सहसा काही बिघडत नाही. पण आपण त्याला धरलं, चिरलं, त्याचं रक्त, लाळ, मूत अंगाला लागलं, त्याचं उष्टं फळ खाल्लं, की त्यातला एखादा आपल्या घरात शिरतो. आपल्या अंगाची त्याच्याशी ओळख नसते. मग एकाचं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं गावाला.

हे वाचलं तेव्हा आधी मी माझीच काळजी केली. हे आपण प्यायलो की! डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, “मासी, इतका कढवलेला रस्सा प्यायल्याने फारसं काही होत नाही. खरा धोका चिरणाऱ्याला.” त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या आणि मी बाकावर बसून राहिले. तुझे हात आठवले, माय. कांड्या भरून भरून तुझ्या बोटांना धाग्याने बारीक चिरा पडलेल्या असायच्या. मीठ लागलं की तू हात झटकायचीस. त्याच बोटांनी तू ते सोललंस, पोट काढलंस, उरलेलं कागदात गुंडाळून खाडीकडे टाकून आलीस. तुला काही झालं नाही. तू पुढे किती वर्षं जगलीस, गेलीस ती थकून, अंथरुणात, आमच्या सगळ्यांमध्ये. पण झालं असतं तर कोणाला कशाचं कळलंही नसतं.

म्हणून परवा मी दादाला म्हटलं, “पिशवी आधी बाहेर ने.” तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. सुनेने त्याला नातीचा पंप दाखवला, तो कसा ओढायचा ते सांगितलं. “पंप सायकलले लावतस, पोरले नही,” तो म्हणाला. सून म्हणाली, “मामा, डॉक्टरने दिलाय. याने तिला बरं वाटतं.” तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “मायनी तुले हाईच दिधं व्हतं. मरनी का तू?” आणि माझ्याकडे बोट दाखवून, “आते दोन अक्षरं शिकनी त मायले शहानपन शिकाडी राहिनी!” ते दाखवलेलं बोट मी बघितलं. त्याच्या बुडाशी ओरखडा होता, ताजा, लालसर. विचारलं तर म्हणतो, “काही नही वं, जाळामधून काढताना नख लागनं.”

मी त्याचा हात धरून नळाखाली नेला आणि साबण लावून धूत राहिले. तो सोडवून घेऊ लागला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “दादा, मायनेच मला सांगून ठेवलंय. म्हणाली होती, माझ्यामागे हे कोणी करू नका.” त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “कधय म्हननी?” “शेवटच्या आजारपणात.” मग त्याने लहान मुलासारखा हात माझ्या हातात सोडून दिला. मुलगा त्याला मोटारसायकलवरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे रेबीजचं इंजेक्शन दिलं, पुढच्या तारखा दिल्या. उत्तरायणात मांज्याने कापलेले पक्षी वाचवणारी मुलं असतात ना, त्यांना सुनेने फोन केला. जाड हातमोजे घालून ती आली आणि पिशवी घेऊन गेली. वाघूळ धड होतं म्हणे, अंधार पडला की सोडणार होती. इंजेक्शनं पुरी होईपर्यंत दादा इथेच राहतोय. नात त्याला दिवसातून दहादा विचारते, “आबा, दुखतं का?” आणि तो तिला बसमधली गंमत रंगवून सांगतो.

तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस, माय. शेवटच्या आजारपणात तू गुळाचा चहा मागायचीस, कोण आलं कोण गेलं विचारायचीस, वाघळाचं नावही काढलं नव्हतंस. दादाने ते शब्द आता मनात जपून ठेवलेत. काल गावाकडे फोनवर कोणाला तरी तेच सांगत होता, “मायनं म्हनन व्हतं.” त्याला खरं सांगायची मला घाई नाही. तुला मात्र विचारायचं होतं म्हणून हे लिहायला बसले. तुला हे सगळं नीट समजावून सांगितलं असतं, तर तू खरंच तसं म्हणाली असतीस का? मला वाटतं, म्हणाली असतीस. पण तू हट्टीही होतीस, आणि त्या रश्श्याचा तुला फार अभिमान होता. तू ‘नाही’ म्हणाली असतीस, तरी मी ती पिशवी बाहेरच काढली असती. म्हणून हा कागद कुठे धाडता येत नाही, याचं मला आज थोडं बरं वाटतंय.