सोमवारच्या पहिल्या कपाबाबत

आदरणीय मेहुणेराव यांस,

सप्रेम नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण नात्यानं मी वरचा. तरी आदर पूर्ण आहे, कारण माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर तुमच्या चष्म्याच्या दुकानात आहे आणि तो वाढला की नाही हे शेवटी तुम्हीच ठरवता.) वहिनींच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते कळवा. त्या जिथून घसरल्या ती पायरी मोजून पाहिलीत का? बाकीच्या पायऱ्यांपेक्षा ती नक्की बोटभर उंच निघेल, आणि तशी निघाली तर वहिनींना उगाच धांदरट म्हणू नका. इकडे सर्व ठीक आहे. माझा रक्तदाब मध्यंतरी जरा वर गेला होता, त्याचं कारण पुढे ओघात येईल. पत्र लिहिण्यास तसं विशेष कारण काहीच नाही. ते घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, त्यातूनही काही अर्थ काढू नका.

तुमची बहीण वहिनींच्या मदतीला तुमच्याकडे निघाली त्या दिवसापासून सांगतो. टॅक्सी दाराशी होती, बॅग डिकीत होती, गॅस, कुंड्या, दूध आणि दाराची वरची कडी यांबद्दलच्या सूचना दोनदा देऊन झाल्या होत्या. मग काच खाली करून ती म्हणाली, "अहो, एक सांगू? इतक्या वर्षांत सकाळची पहिली कॉफी मला कुणी आयती दिलेली नाही. मी रविवारी परत आले की सोमवारी एक दिवस, मी अंथरुणात असताना, कुणी कप हातात आणून दिला तर काय मजा येईल!" मी म्हटलं, "कुणी म्हणजे? घरात तुझ्याशिवाय मीच तर आहे." "तेच म्हणतेय मी," असं म्हणून ती हसली. मेहुणेराव, ती नुसती हसली असती तर मी सोडून दिलं असतं. पण तिनं टॅक्सीवाल्याकडे पाहिलं आणि तोही हसला. ज्या माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, त्यालासुद्धा हे माझ्याच्यानं होणार नाही असं वाटावं, हे मला फार लागलं. मी तिथेच जाहीर केलं, "सोमवारी तुझ्या हातात कप असेल, आणि असा असेल की तू तुझ्या हातची कॉफी विसरशील!" टॅक्सी सुटली. काच वर करेपर्यंत ती हसतच होती.

आता तुम्ही मला ओळखता. सोनाराचा नाजूक काटा असो नाहीतर अख्खा ट्रक तोलणारा गोदामातला वजनकाटा असो, बिघडला की लोक माझ्याकडे येतात. मी हे कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. उघडलं, पाहिलं, पुन्हा बंद केलं, असं करत शिकलो. (सुरुवातीला काही काटे बंद झाले नाहीत, ते आमच्या माळ्यावर आहेत.) त्यामुळे त्याच संध्याकाळी गॅसवर प्रयोगाला बसलो. दूध पातेल्याबाहेर आलं. दुधाला इतकी घाई असते हे तुमच्या बहिणीनं मला कधी सांगितलं नव्हतं. कॉफीच्या गुठळ्या झाल्या आणि गाळणं जळालं, पण त्याचा दांडाच प्लास्टिकचा होता, त्याला मी काय करणार? निष्कर्ष असा निघाला की हातानं केलेली कॉफी एकदा होते तशी दुसऱ्यांदा होत नाही. दिलेला शब्द असल्या भरवशावर ठेवता येत नाही. म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं, आणि तेही साधंसुधं नाही. ज्यात वरून अख्ख्या बिया टाकायच्या आणि खालून तयार कॉफी घ्यायची, मधलं दळणं, दाबणं, गरम पाणी सोडणं, गाळ बाजूला टाकणं सगळं ते स्वतः करतं, तसलं.

दुकानात जाताना माझा छोटा काटा बरोबर नेला. तिथला विक्रेता म्हणजे टाय लावलेला एक तरतरीत तरुण. त्यानं मला 'सर' म्हणून खुर्ची दिली. मी विचारलं, बिया दळणारं पातं पोलादाचं आहे की सिरॅमिकचं? तो म्हणाला, "सर, याला टचस्क्रीन आहे." मी विचारलं, एका कपाला किती ग्रॅम बिया घेतं? तो म्हणाला, "सर, हे चार रंगांत येतं." अशा माणसाशी चर्चा करण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, इथे मांडलेली तिन्ही मॉडेल सुरू करा आणि प्रत्येकावर एकाच मापाचे तीन-तीन कप काढा, मी तोलून बघतो. माझा सिद्धांत सोपा होता. जे यंत्र तिन्ही वेळा सारखं वजन देईल ते प्रामाणिक.

तोललेली कॉफी टाकून देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी ती पीत गेलो. पहिल्या यंत्रात फारसा फरक दिसला नाही, दुसऱ्यात जरा दिसला. तिसऱ्याच्या वेळी मात्र आकडा एका जागी थांबायलाच तयार नाही. मी भर दुकानात, दोन-चार गिऱ्हाइकांसमोर सांगून टाकलं की हे यंत्र बेभरवशाचं आहे, कुणी घेऊ नये. एक बाई घेता घेता थांबल्यासुद्धा. खात्रीसाठी म्हणून नुसता रिकामा कप तोलला, तर त्याचंही वजन दर वेळी वेगळं! आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच काट्याचा संशय आला. त्यांच्या काउंटरवर मी तो उघडला, आतली पट्टी पुसली, पुन्हा जोडला, पुन्हा तोललं. तेच. इतका वेळ शांतपणे बघणारा तो तरुण शेवटी हळूच म्हणाला, "काका, काटा ठीक आहे. कप धरलेला तुमचा हात बघा." मी पाहिलं. हात शिलाई मशीनच्या सुईसारखा खालीवर होत होता. (रक्तदाबाची बाब ती हीच. पहिल्या यंत्राच्या वेळी मी 'सर' होतो आणि तिसऱ्याच्या वेळी 'काका' झालो, हेही माझ्या लक्षात आहे.) ज्या यंत्रावर चारचौघांत खोटा आळ घेतला, त्यालाच घरी नेणं मला भाग होतं. तेव्हा तिसरंच घेतलं. त्या बाईंनीही मग तेच घेतलं, म्हणजे दुकानदाराचं माझ्यामुळे नुकसान झालं असं कुणी म्हणू शकत नाही.

स्वयंपाकघरातली जागा मी आधीच मोजून ठेवली होती. ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत, डावीकडे मिक्सर सोडून, उजवीकडे भिंतीचा फुगवटा धरून. यंत्र तिथे असं बसलं की वर जेमतेम एक पोस्टकार्ड सरकावं. मी मागे सरकून हात बांधून बराच वेळ बघत उभा राहिलो. मग बिया टाकायला गेलो तेव्हा लक्षात आलं की बियांचं झाकण वरच्या बाजूला उघडतं. आता याला कुणी माझ्या मोजमापातली चूक म्हणेल. मोजमाप अचूक होतं. झाकण वर उघडावं ही अक्कल कंपनीची. ते प्रत्येक वेळी बाहेर ओढणं पाठीला झेपणारं नाही. म्हणून सारासार विचार करून यंत्र सध्या आमच्या झोपायच्या खोलीत, तुमच्या बहिणीच्या उशापाशी, इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आहे. याचे फायदे बघा. कप थंड व्हायला वाटच उरत नाही. शिवाय बिया दळताना ते जो आवाज करतं त्यानं झोपलेलं माणूस आपोआप उठून बसतं, म्हणजे हाक मारायचंही काम वाचतं. (मी स्वतः झोपून तपासलं. उठून बसलोच.)

बियांच्या बाबतीत माझी थोडी फसगत झाली. चकचकीत, तेलकट, काळ्याभोर बघून आणल्या. मला वाटलं, वंगण आयतंच मिळेल. प्रत्यक्षात त्या तेलानं दळणाऱ्या भागात असा चिखल झाला की यंत्र एकदा घुरघुरलं आणि गप्प बसलं. सोबतच्या पुस्तिकेत सात भाषांत लिहिलं आहे की यंत्र स्वतः उघडू नये. मला त्यांतली एकही धड येत नसल्यामुळे मी उघडलं. आत पाहिल्यावर समाधान वाटलं. काम सुबक आहे, फक्त एका स्प्रिंगबद्दल माझं मत वेगळं होतं, ते मी अमलात आणलं. साफ करून, कोरड्या बिया आणून, दळण जाड-बारीक करून बघितलं आणि आता ते घड्याळासारखं चालतं. हमी संपली असं दुकानातून कळवण्यात आलं आहे, पण मी असताना हमी हवी कशाला?

एक मात्र कबूल केलं पाहिजे की यंत्र बोलकं आहे. पाणी भरा. गाळ काढा. खालचा ट्रे ओता. दुधाची नळी धुवा. तुमच्या घरचं पाणी जड आहे, आतले क्षार काढा. मी एकेक हुकूम निमूटपणे पाळतो. काल नळी धुता धुता मनात आलं, यातले निम्मे हुकूम मी तुमच्या बहिणीच्या तोंडून ऐकले असते तर यंत्र आणायची वेळच आली नसती. पण हा विचार मी फार वेळ टिकू दिला नाही, तेवढ्यात ट्रे भरला होता.

थोडक्यात, सगळं सज्ज आहे. यंत्रात दोन माणसांसाठी दोन बटणं करता येतात. किती बिया, किती पाणी, किती दूध, किती गरम, हे एकदाच सांगायचं, की मग बोट टेकवलं की त्या माणसाची कॉफी त्या माणसाला. माझं बटण मी तंतोतंत बसवलं आहे. साखर तेवढी हातानं घालावी लागते, तिचंही माप ठरलेलं आहे. तेव्हा सोमवारची मला तिळमात्र काळजी नाही, हे तुम्ही तिला सहज बोलता बोलता सांगायला हरकत नाही. वहिनींना नमस्कार. पायरी मोजा. हा कागद संपत आला, म्हणून इथेच आवरतं घेतो.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. १. दुसरं बटण रिकामं आहे. तुमची बहीण कॉफी कशी पिते? कडक की सौम्य, दूध किती, साखर किती? मी विसरलो आहे अशातला भाग नाही. रोज समोर बसून पितो. पण आज सकाळी माप भरायला बोट पुढे केलं आणि ते तिथेच थांबलं. आठवून पाहिलं तर असं दिसतं की माझ्या कपात ओतून झाल्यावर पातेल्यात जे राहतं ते ती पिते. कधी दुधाळ, कधी काळपट, कधी अर्धाच कप. एवढी वर्षं मी तोलण्याच्या धंद्यात आहे. उरलेलं हे माप होत नाही.

ता. क. २. तिचं निरीक्षण करून कळवावं अशी विनंती करणार होतो, पण तुमच्या घरीही आता तीच करत असणार आणि तिथेही शेवटचा कप तिचाच असणार. म्हणजे ते निरीक्षण बाद. त्यापेक्षा एकदा तुम्ही स्वतः उठून तिच्यापुरती कॉफी करा आणि कशी हवी ते विचारा. तुम्हाला जमणार नाही याची मला कल्पना आहे. गॅस कुठून पेटतो ते वहिनी पलंगावरून सांगतील. दुधाजवळून हलू नका.

ता. क. ३. पाकीट बंद करण्यापूर्वी शेजारच्या शिक्षिकाबाईंना विचारून आलो. तुमची बहीण रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन कॉफी पिते, म्हणजे त्यांना माहीत असणार. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मी करते तशी घेतात त्या. कधी नावं ठेवली नाहीत." मी म्हटलं, "पण त्यांना कशी आवडते?" त्या सांगायला म्हणून दाराबाहेर आल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई! हे कधी विचारलंच नाही मी."

ता. क. ४. हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका. लागलंच (तुमच्या दुकानाचं टपाल तीच फोडत असेल, ती कुठेही गेली की हेच करते), तर पुढची ओळ तिच्यासाठी आहे.

अगं, तुला कशी लागते? साखर चमच्यांत सांगितलीस तरी चालेल. कोणता चमचा, तेवढं मात्र लिही.